रकाना अकरा

रुवीच्या मागच्या गल्लीत, लाँड्रीच्या वर,
आमचं टायपिंगचं दुकान.
एकतीस वर्षं मी इथे माणसं कागदावर उतरवतोय :
नाव, बापाचं नाव, पासपोर्ट, धंदा,
उजवीकडून डावीकडे.
बाणकोटच्या मदरशात वेताखाली गिरवलेली अक्षरं
शेवटी पोटाला आली.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
माझाच पासपोर्ट उघडून समोर ठेवला.
सरखोत, दाऊद इस्माईल.
जन्म : एक जून.
ही तारीख शाळेत घालताना गुरुजींनी दिलेली.
आईला एवढंच ठाऊक
की खाडीला उधाण होतं आणि सुईण होडीतून आली.
उधाणाला रकाना नाही.

वय सदुसष्ट.
अर्बाब म्हणाला, दाऊद, यंदा सरकारी विमा काढून घे,
माझ्या भरवशावर राहू नको, मीही म्हातारा झालो.
आजवर माझा विमा म्हणजे
ड्रॉवरमधलं पॅनाडॉल, उकळलेलं काळं लिंबू,
आणि खालच्या फार्मसीतला मलबारी,
जो बीपी फुकट मोजतो
अन् आकडा हळू आवाजात सांगतो.

रकाना अकरा : आधीचे आजार.
इथे सगळ्यांसाठी मी एकच शब्द मारत आलो : ला.
अरबीत ला म्हणजे नाही.
कीबोर्डवर त्याला अख्खी एक कळ दिलेली आहे,
इतक्या वेळा लागतो तो.
खोकत आलेल्या गवंड्याला, ला.
पाय सुजलेल्या आचाऱ्याला, ला.
तो म्हणाला होता, भाई, लिहू नका, परत पाठवतील.
आणि घरकाम करणारी ती सावंतवाडीची बाई,
ओढणीखाली हात छातीशी दाबून बसलेली,
ती काही बोललीच नाही,
मी आपणच : ला.

घरी फोनवर हाच ला
शब्दाच्या शेपटाला येतो आणि काहीतरी पोचवतो :
नसीमाला फी, पडवीला पत्रे,
अम्माला कफन.
दोन्ही ला एकाच जिभेवर नांदले,
कधी भांडले नाहीत.

आज बोट त्या कळीवर थांबलं.
साखर आहे. डावा गुडघा आहे.
रात्री तीनदा उठणं आहे.
उजव्या डोळ्यात धुकं आहे,
ज्याच्यापायी गेल्या महिन्यात एकाचं आडनाव चुकलं
आणि बिचाऱ्याला कचेरीच्या दोन फेऱ्या पडल्या, त्या उन्हात.
खरं लिहिलं की हप्ता चढतो,
हे लोकांना मीच समजावत आलो.

मी साखर लिहिली.
मग गुडघा.
मग बऱ्याच वेळाने डोळा,
तो लिहिताना स्क्रीनला नाक लावून.
रात्रीचं उठणं सोडून दिलं. थोडी लाज राहू दे.

रकाना बारा : तातडीला कुणाला कळवायचं?
नंबर इथलाच हवा.
बायको बाणकोटला, लेक पनवेलला.
एकतीस वर्षांत हजारो नंबर या बोटांखालून गेले,
त्यातला एकही आठवेना.
शाजीचा टाकला, फार्मसीतल्या,
आणि मग विचारायला खाली गेलो.
तो गोळ्या मोजत होता.
टाका ना, म्हणाला,
आणि मोजणं न थांबवता
बाही वर करायची खूण केली.

वर येऊन प्रिंट काढला.
टायपिंगचे पाचशे बैसे
माझ्या खिशातून गल्ल्यात टाकले,
पावती फाडली,
ती कुणाच्या हातात द्यायची कळेना,
शर्टाच्या खिशात ठेवली.

तेवढ्यात दार ढकलून एक पोरगा आला,
गळ्यात नवंकोरं ओळखपत्र, हातात तोच फॉर्म.
म्हटलं, बस.
नाव, बापाचं नाव, धंदा,
बोटं सवयीने पळत राहिली,
आणि अकराशी आल्यावर
चष्मा कपाळावर सारून
मी त्याला विचारलं.